सिनेटची संमती आणि सत्याची किंमत

४ नोव्हेंबर १९७७ रोजी वॉशिंग्टनमधील एका न्यायालयात अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तहेर खात्याचे, म्हणजे सी.आय.ए.चे, माजी प्रमुख रिचर्ड हेल्म्स शिक्षा ऐकण्यासाठी उभे होते. चिलीमध्ये साल्वादोर आयेंदे यांना सत्तेवर येऊ न देण्यासाठी या खात्याने जी कारस्थाने केली, त्यांबद्दलचा हा खटला नव्हता. सिनेटपुढे पूर्ण व अचूक साक्ष दिली नाही, एवढाच आरोप होता. न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी कडक शब्दांत त्यांची निर्भर्त्सना केली आणि २,००० डॉलर दंड व दोन वर्षांची कैद अशी शिक्षा सुनावली. मात्र कैद स्थगित ठेवली. न्यायालयाबाहेर येताच हेल्म्स यांच्या वकिलांनी जाहीर केले की, आपले अशील ही शिक्षा सन्मानचिन्हासारखी मिरवतील. त्यानंतर खात्याच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी एका भोजनसमारंभात हेल्म्स यांचे उभे राहून स्वागत केले आणि दंडाची रक्कम तेथल्या तेथे वर्गणी काढून जमवली.

लोकप्रतिनिधींच्या सभागृहाची संमती घेऊन पदावर बसू इच्छिणाऱ्या माणसाने त्या सभागृहाशी किती खरे बोलले पाहिजे, हा प्रश्न या प्रसंगाने जितक्या उघडपणे पुढे आणला तितका क्वचितच दुसऱ्या कशाने आणला असेल. न्यायालयाच्या दृष्टीने जे लांच्छन, ते एका वर्गाच्या दृष्टीने भूषण ठरले. पदासाठी बोललेले खोटे हा अपराध आहे की सत्तेच्या व्यवहारातील एक सोय, याचा निकाल अद्यापही समाधानकारक रीतीने लागलेला नाही.

संमतीचा पाया

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमानुसार राजदूत, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व इतर वरिष्ठ अधिकारी यांची नावे अध्यक्ष सुचवतो आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणुका करतो. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ साली ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील ७६ व्या लेखात या तरतुदीचे समर्थन केले आहे. अध्यक्षाने आपले आप्त, आपल्या प्रांतातील माणसे किंवा केवळ खुशमस्करे यांची वर्णी लावू नये, म्हणून सिनेटचा लगाम हवा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हा लगाम काम करावा यासाठी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे: ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा त्याच्याविषयीची खरी माहिती सिनेटपुढे असली पाहिजे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा प्रसिद्ध निबंध आठवेल. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. ही माहितीची विषमता तशीच राहिली तर चांगली गाडी बाळगणारे हळूहळू बाजारातून निघून जातात आणि वाईट मालच उरतो, असे अकरलॉफ यांनी दाखवून दिले. पदासाठी नाव सुचवलेला माणूस आणि त्याची परीक्षा घेणारे सभागृह यांच्यामधील संबंधही बव्हंशी असाच असतो. उमेदवाराने पूर्वी काय केले, कोणाचे पैसे घेतले, कोणाला कोणता शब्द दिला, हे सर्वांत चांगले त्याला स्वतःलाच ठाऊक असते. त्याने ते दडवले तर सभागृहाचा हात वर होतो खरा, पण ती संमती नव्हे.

व्यवहारातील कायदाही हेच सांगतो. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यानुसार लबाडीने मिळवलेली संमती ही खरी संमती मानली जात नाही. फसवल्या गेलेल्या पक्षाला तो करार रद्द ठरवून घेता येतो. जाणूनबुजून वस्तुस्थिती लपवणे हाही लबाडीचाच एक प्रकार मानलेला आहे. सार्वजनिक पदाच्या बाबतीत मात्र फसवल्या गेलेल्या सभागृहाला आपली संमती परत घेण्याचा असा सरळ मार्ग नसतो. एकदा माणूस पदावर बसला की महाभियोगासारखा अवजड उपाय तेवढा शिल्लक राहतो. म्हणूनच पहिल्या उत्तराच्या खरेपणाला येथे अधिक महत्त्व आले पाहिजे.

दोन ॲटर्नी जनरल

१९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी ॲटर्नी जनरल या पदासाठी रिचर्ड क्लाइनडीन्स्ट यांचे नाव सुचवले. त्या सुमारास आय.टी.टी. या बलाढ्य कंपनीवरील मक्तेदारीविरोधी खटले तडजोडीने मिटवण्यात आले होते आणि त्यामागे राजकीय देवघेव असल्याचा बोभाटा झाला होता. सिनेटच्या न्यायविषयक समितीने क्लाइनडीन्स्ट यांना त्याबद्दल विचारले. या खटल्यांबाबत ‘व्हाइट हाउस’मधून आपल्यावर कोणताही दबाव आला नव्हता, असे त्यांनी शपथेवर सांगितले. जून १९७२ मध्ये सिनेटने ६४ विरुद्ध १९ मतांनी त्यांच्या नेमणुकीस मान्यता दिली.

वस्तुस्थिती निराळी होती. एप्रिल १९७१ मध्ये खुद्द निक्सन यांनीच त्यांना दूरध्वनी करून, शिवीगाळीच्या भाषेत, या प्रकरणातील अपील सोडून देण्याचा हुकूम दिला होता. या कथेतील सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. क्लाइनडीन्स्ट यांनी हा हुकूम मुकाट्याने मानला नव्हता. हुकूम कायम राहिला तर आपण राजीनामा देऊ, असे त्यांनी कळवले आणि अध्यक्षांना माघार घ्यावी लागली. म्हणजे खरे सांगितले असते तर त्यात त्यांचा गौरवच होता. तरीही ते खोटे बोलले, कारण खरे सांगण्याने नेमणूक करणाऱ्या धन्याची अब्रू गेली असती. मे १९७४ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांना एक महिना कैद आणि १०० डॉलर दंड, अशी त्या कलमाखालील किमान शिक्षा झाली आणि तीही स्थगित ठेवण्यात आली. न्यायाधीशांनी तर त्यांच्या अतिरिक्त निष्ठावान मनाबद्दल सहानुभूतीच व्यक्त केली.

त्यांच्या जागी १९७३ च्या मे महिन्यात एलियट रिचर्डसन आले. वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या खास अभियोक्त्याला आपण स्वातंत्र्य देऊ व गंभीर गैरवर्तनाखेरीज त्याला काढणार नाही, असे आश्वासन त्यांनी सिनेटच्या समितीला दिले आणि त्या आश्वासनावरच त्यांच्या नेमणुकीला संमती मिळाली. २० ऑक्टोबर १९७३ रोजी निक्सन यांनी अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना बडतर्फ करण्याचा आदेश दिला. रिचर्डसन यांनी तो पाळला नाही, राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम विल्यम रकलहाउस यांनीही नकार दिला व पद गमावले.

एकाच कचेरीत एकामागून एक बसलेली ही दोन माणसे. पहिल्याने सिनेटपुढील उत्तर हा पदापर्यंत पोहोचण्याचा जिना मानला, तर दुसऱ्याने ते ऋण मानले आणि वेळ आली तेव्हा पद देऊन फेडले. कायदा दोघांनाही सारखाच होता. पण समितीच्या मेजावर दिलेला शब्द कोणाला दिलेला असतो, याविषयीची समजूत भिन्न होती. क्लाइनडीन्स्ट यांची निष्ठा नेमणाऱ्याशी होती. रिचर्डसन यांची निष्ठा संमती देणाऱ्या संस्थेशी, पर्यायाने जनतेशी होती.

गुपित आणि असत्य

हेल्म्स यांचे प्रकरण याहून अवघड आहे. इराणमधील राजदूत म्हणून त्यांची नेमणूक व्हायची होती. फेब्रुवारी १९७३ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीत स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी त्यांना विचारले की, चिलीचे सरकार उलथण्याचा प्रयत्न खात्याने केला होता काय? आयेंदे यांच्या विरोधकांना पैसे पुरवले होते काय? दोन्ही प्रश्नांना हेल्म्स यांनी नकारार्थी उत्तर दिले. प्रत्यक्षात १५ सप्टेंबर १९७० रोजी निक्सन यांनी त्यांना बोलावून आयेंदे यांना रोखण्याची आज्ञा दिली होती आणि खात्याने त्या दिशेने खटपटही केली होती. आय.टी.टी. कंपनीचे हितसंबंध येथेही गुंतलेले होते, हा निव्वळ योगायोग नव्हे. १९७५ साली सिनेटच्या चर्च समितीने या सर्व प्रकारांवर प्रकाश पाडला.

गुपिते राखण्याची शपथ आपण घेतली होती आणि दोन कर्तव्यांच्या कात्रीत आपण सापडलो, असा हेल्म्स यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. तो अगदीच टाकाऊ नाही. राज्यकारभारात काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात. परंतु गुपित राखणे आणि असत्य सांगणे यांत महदंतर आहे. ‘या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही’, असे म्हणणारा माणूस सभागृहाला निदान एवढे तरी कळू देतो की, येथे एक बंद दार आहे. ते उघडण्याचा आग्रह धरायचा की नाही, हे मग सभागृह ठरवू शकते. ‘नाही’ असे उत्तर देणारा माणूस त्या ठिकाणी भिंतच असल्याचा भास निर्माण करतो. पहिल्याच्या वागण्यात सभागृहाचा अधिकार शाबूत राहतो, दुसऱ्याच्या वागण्यात तो हिरावून घेतला जातो. अर्थात उत्तर नाकारल्याने इराणची राजदूतकी कदाचित हातची गेली असती. पण ती किंमत पदाची हाव धरणाऱ्याने मोजायची असते, प्रश्न विचारणाऱ्याने नव्हे.

नरो वा कुंजरो वा

सरळ खोटे बोलण्याचा धोका पत्करणारे तसे थोडेच. चतुर माणसे अर्धसत्याचा आश्रय घेतात. जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रॉन्स्टन खटल्यात असा निर्णय दिला की, शब्दशः खरे असलेले उत्तर प्रश्नाला बगल देणारे व दिशाभूल करणारे असले तरी ते शपथभंगाच्या गुन्ह्यात बसत नाही. स्विस बँकेत तुमचे कधी खाते होते काय, असे एका चित्रपटनिर्मात्याला विचारण्यात आले होते. आपल्या कंपनीचे सहा महिने तेथे खाते होते, असे त्याने उत्तर दिले. स्वतःच्या खात्याबद्दल तो बोललाच नाही. अस्पष्ट उत्तर आले तर पुन्हा नेमका प्रश्न विचारणे हे वकिलाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

फौजदारी न्यायालयात हे योग्यच आहे, कारण तेथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते आणि संशयाचा फायदा त्याला मिळालाच पाहिजे. पण पदासाठी संमती मागणारा माणूस आरोपी नसतो. तो अर्जदार असतो. आरोपीचे संरक्षण त्याने मागणे हीच मुळात विसंगती आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ हे धर्मराजाचे वाक्यही शब्दशः खोटे नव्हते, तरी जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकलाच. आपल्या परंपरेने अर्धसत्याचा हिशेब शब्दांवरून न करता ऐकणाऱ्याच्या मनात उत्पन्न केलेल्या समजुतीवरून केला आहे. संमतीच्या साक्षीला हाच निकष लावला पाहिजे.

न्यायाधीशांच्या बाबतीत मात्र तारतम्य हवे. उद्या समोर येऊ शकणाऱ्या खटल्यात आपण कसा निकाल देऊ, हे सांगण्यास १९९३ साली रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी उघड नकार दिला आणि तो रास्त होता. याउलट, जून २०२२ मध्ये गर्भपाताच्या हक्कासंबंधीचा १९७३ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फिरवला, तेव्हा सुझन कॉलिन्स व जो मँचिन या सिनेटरांनी काही न्यायाधीशांच्या पूर्वीच्या बोलण्यामुळे आपली दिशाभूल झाल्याची तक्रार केली. जुना निर्णय हा ‘प्रस्थापित पायंडा’ आहे, हे विधान वर्णन म्हणून खरे होते. आश्वासन म्हणून त्याला काही अर्थ नव्हता. ऐकणाऱ्यांनी त्यात आश्वासन वाचले आणि बोलणाऱ्यांनी तो समज दूर केला नाही. असल्या संदिग्धतेपेक्षा गिन्सबर्ग यांचा रोखठोक नकार अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे.

उलटे प्रोत्साहन

या विषयातील खरी मेख मात्र प्रोत्साहनाची आहे. जानेवारी १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरल पदासाठी झोई बेअर्ड यांचे नाव सुचवले. वास्तव्याचा परवाना नसलेल्या जोडप्याला आपण घरकामाला ठेवले होते व त्यांच्यासाठीचा सामाजिक सुरक्षा कर भरला नव्हता, ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली होती. लोकक्षोभ उसळला आणि त्यांना नाव मागे घ्यावे लागले. त्याच महिन्यात हेन्री सिस्नेरोस हे गृहनिर्माण मंत्री झाले. एका महिलेला आपण दिलेल्या पैशांबद्दल त्यांनी नेमणुकीपूर्वीच्या चौकशीत एफ.बी.आय.ला खोटी माहिती दिली होती. ती गोष्ट पुढे उघडकीस आली, अनेक वर्षे चौकशी चालली आणि १९९९ साली त्यांनी किरकोळ स्वरूपाचा गुन्हा कबूल करून १०,००० डॉलर दंड भरला. दरम्यान १९९७ च्या प्रारंभापर्यंत ते मंत्रिपदावर राहिले होते आणि २००१ साली त्यांना क्षमाही मिळाली.

खरे सांगणारीचे पद गेले, दडवणाऱ्याला चार वर्षे पद मिळाले. कोणताही हिशेबी माणूस यातून कोणता धडा घेईल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बेअर्ड यांची चूक लहान होती असे नव्हे. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याच्या प्रमुखाकडून ती घडावी हे अनुचितच होते. परंतु कबुलीची शिक्षा दडवणुकीच्या शिक्षेहून जड असेल, तर ती व्यवस्था असत्याला उत्तेजन देते, मग तिच्या नियमपुस्तिकेत काहीही लिहिलेले असो. १९७८ च्या कायद्याने वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना आपली आर्थिक माहिती जाहीर करणे भाग पाडले. शपथेवरील असत्याला अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. पण हा बडगा प्रत्यक्षात क्वचितच उगारला जातो.

इतकी काटेकोर तपासणी केली तर चांगली माणसे सार्वजनिक सेवेकडे फिरकणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. या सुनावण्यांत पक्षीय हेवेदावे असतात आणि खासगी आयुष्याची विनाकारण चिवडाचिवडही होते. यावरचा उपाय प्रश्नांना मर्यादा घालणे हा आहे, उत्तरांना सवलत देणे हा नव्हे. पदाशी संबंध नसलेला प्रश्न समितीने वगळावा. परंतु जो प्रश्न विचारला गेला त्याचे उत्तर खरेच असले पाहिजे.

आपल्याकडील चित्र

भारताने संसदीय संमतीची ही पद्धत स्वीकारली नाही. तसा विचारच झाला नाही, असे मात्र नव्हे. जून १९४९ मध्ये घटना समितीत, मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमताची मान्यता असावी, अशी सूचना शिब्बनलाल सक्सेना यांनी मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला उत्तर देताना अमेरिकेतील सिनेटच्या पद्धतीचा उल्लेख केला आणि मोकळेपणाने मान्य केले की, मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतील माणूस त्या पदावर येऊ नये यासाठी आपल्या मसुद्यात काहीच तरतूद नाही. ती सूचना घटनेत आली नाही. डॉ. आंबेडकरांची शंका मात्र आजही निकालात निघालेली नाही.

केंद्रीय दक्षता आयुक्तांच्या २०१० सालच्या नेमणुकीत तिचा प्रत्यय आला. पंतप्रधान, गृहमंत्री व लोकसभेतील विरोधी पक्षनेत्या यांच्या समितीत विरोधी पक्षनेत्यांनी असहमती नोंदवली असतानाही पी. जे. थॉमस यांची शिफारस झाली. त्यांच्याविरुद्ध प्रलंबित असलेल्या प्रकरणासंबंधीच्या खात्यातील नोंदी समितीने विचारात घेतल्या नव्हत्या. ३ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिफारस बेकायदा ठरवली. व्यक्ती दोषी आहे की नाही हा मुद्दा नसून संस्थेची सचोटी हा मुद्दा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. निवड करणाऱ्यांपुढे संपूर्ण माहिती नसेल तर निवडच सदोष ठरते, हे तत्त्व त्यामुळे आपल्याकडेही प्रस्थापित झाले.

या उंच पदांशेजारी एक साधी नोकरी ठेवून पाहावी. सरकारी नोकरीत लागताना शिक्षकाला किंवा कारकुनाला चारित्र्य पडताळणीचा नमुना भरून द्यावा लागतो. त्यात आपल्यावर कधी खटला भरला गेला होता काय, असा प्रश्न असतो. केंद्रीय विद्यालयातील एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने तेथे प्रलंबित खटल्याची माहिती दडवली. पुढे तो खटला मागे घेतला गेला, तरी माहिती दडवल्याबद्दल झालेली त्याची सेवासमाप्ती २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. २०१६ साली त्याच न्यायालयाने या विषयाचे नियम अधिक समतोल केले आणि सांगितले की, पद जितके वरचे तितकी कसोटी कडक असली पाहिजे.

व्यवहारात मात्र पायरी उलटी आहे. शिक्षकाने दडवलेल्या एका ओळीपायी त्याची रोजीरोटी जाते. निवडणूक लढवणाऱ्याने प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५-अ कलमाखाली फार तर सहा महिने कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महासत्तेच्या ॲटर्नी जनरलला १०० डॉलर दंड होतो, तोही स्थगित.

ही पायरी सरळ करायची तर तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, संमती मागणाऱ्याने केवळ शब्दशः खरे नव्हे तर पूर्ण उत्तर दिले पाहिजे आणि देता येत नसेल तर तसे उघड सांगितले पाहिजे. दुसरी, चुकीचे उत्तर दिले गेल्याचे ध्यानात येताच, मतदानापूर्वी, ते दुरुस्त करण्याची संधी त्याला मिळावी आणि जो स्वतःहून सांगतो त्याच्या दोषाचा विचार सभागृहाने अधिक सहानुभूतीने करावा. तिसरी, पदावर बसल्यानंतर जाणीवपूर्वक असत्य सांगितल्याचे सिद्ध झाले तर मूळ गोष्ट लहान की मोठी हे न पाहता तेवढ्यावरूनच पद जावे. दंड भरून पद राखता येते तोवर तो दंड ही शिक्षा न राहता पदाची किंमत होते आणि ती वर्गणी काढून भरणारे स्नेही सत्तेच्या आसपास नेहमीच मिळतात. पद गेले तर ते भरून देणारी वर्गणी कोणालाच जमवता येत नाही.